गारठ्यातलं फिडल: एडिनबरामधल्या एका हिवाळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी एडिनबरामध्ये तंतुवाद्यं दुरुस्त करतो. मूळचा मिरजेचा. घराला लागूनच तंबोऱ्यांचा कारखाना होता, त्यामुळे भोपळा, जवारी, घोडी, सरस हे शब्द पाढ्यांच्या आधी पाठ झाले. इथे आल्यावर हात व्हायोलिनवर बसला. पुढचं प्रकरण माझ्या टेबलावर आलेल्या एका वाद्याचं आणि ते भर हिवाळ्यात रस्त्यावर वाजवणाऱ्या बाईचं आहे. तिच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दाम दिलेलं नाही.

फिडल हे काही वेगळं वाद्य नाही, ते व्हायोलिनच. मैफलीत बसलं की व्हायोलिन, गावच्या नाचात किंवा रस्त्यावर उभं राहिलं की फिडल. चार तारा त्याच, गज तोच, फरक वाजवण्यात. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथस्पे या नृत्यप्रकारात आखूड स्वर आधी आणि लांब स्वर मागून, असा एक झटका येतो. तो उजव्या मनगटातून निघतो, आणि मनगट गारठलं की सगळ्यात आधी तोच हरवतो.

ती तिशीतली, डोंगराळ भागातल्या एका लहान गावची. फिडल आजोबांचं. आजोबा गावच्या नाचांना वाजवायचे. वाद्य जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शन भागातलं, साधारण 1900 च्या आसपासचं. त्या काळी तिथे कुणी मान कोरायचं, कुणी पाठ (मागची फळी), कुणी पोट (तारांखालची पुढची फळी), आणि जोडलेली वाद्यं खोके भरभरून परदेशी जायची. बाजारभावाने पाहिलं तर सामान्य वाद्य. पण शंभर वर्षं सतत वाजत राहिलेल्या लाकडाचा एक आवाज असतो, तो त्याला होता.

तिचं वर्ष दोन टोकांवर चालतं. ऑगस्टमध्ये, 1947 पासून इथे भरणाऱ्या महोत्सवांच्या गर्दीत, चांगली कमाई होते. दुसरं टोक म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून नववर्षापर्यंतचा नाताळ बाजाराचा काळ. मधले महिने केलीच्या, म्हणजे सामूहिक नाचाच्या कार्यक्रमांवर आणि थोड्या शिकवण्यांवर निघतात. हिवाळ्यात बाहेर उभं राहण्यात हौसेचा भाग होताच, पण घरभाडं ऑगस्टपुरतं थांबत नाही हे कारण मोठं.

तिची जागा रॉयल माइलवर, एका क्लोजच्या तोंडाशी. क्लोज म्हणजे त्या रस्त्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे अरुंद बोळ. दगडी कमानीखाली आवाज घुमतो आणि पावसाची सर चुकते. प्रिन्सेस स्ट्रीटवर माणसं जास्त, पण तिथे दुकानं एकाच बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला बाग आणि किल्ल्याचा कडा, त्यामुळे वाऱ्याला आडोसा नाही, शिवाय ट्रामचा खडखडाट. बोळाचाही तोटा आहेच. वारा पश्चिमेचा असला की बोळ धुराड्यासारखा ओढतो.

एडिनबरात साध्या, ध्वनिवर्धक नसलेल्या वादनासाठी परवाना काढावा लागत नाही. पण 1982 च्या स्कॉटिश नागरी कायद्याच्या 54 व्या कलमानुसार वाद्याचा एखाद्याला रास्त त्रास होत असेल आणि गणवेशातल्या पोलिसाने सांगूनही थांबला नाहीत, तर तो गुन्हा ठरतो. बोळात वरच्या मजल्यांवर लोक राहतात. तिने पहिल्याच वर्षी जिने चढून दारं वाजवली होती आणि आपल्या वेळा सांगितल्या होत्या. एका वृद्ध गृहस्थांनी दुपारी दोन ते तीन झोपतो म्हणून सांगितलं. तो तास तिने कायमचा सोडला. तिच्याबद्दल आजवर एकही तक्रार झालेली नाही, त्याचं श्रेय मी या दारं वाजवण्याला देतो.

इथे शिकायला येणारी आपली मुलं कधीकधी मला विचारतात, आम्हीही वाजवू का? विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही आणि रस्त्यावर टोपी ठेवून वाजवणं त्यातच मोडतं. व्हिसा धोक्यात येईल असं काही करू नका.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि दोन्ही एकाच वेळी वाढत गेल्या. एक लाकडाची, एक बोटांची.

ऑक्टोबरमध्ये ती दुकानात आली तेव्हा खुंट्या सरकत होत्या. सकाळी सूर जुळवून ठेवावा, तर दुपारी तारा उतरलेल्या. मी खुंट्या काढल्या, घासल्या, त्यांना पेस्ट लावली आणि केसमध्ये, म्हणजे वाद्याच्या पेटीत, ठेवायला ओलाव्याची नळी दिली. खुंट्या सुकून आकसल्या आहेत हे निदान बरोबर होतं. पण त्या सुकतात कुठे, हे मी विचारलं नाही.

त्या सुकत होत्या तिच्या खोलीत. बाहेर 4 अंश सेल्सिअस तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असलेली हवा दारातून आत येते. हीटरवर ती 20 अंशांपर्यंत तापली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास उतरते. व्हायोलिनला साधारण 40 ते 60 टक्के मानवते. ती संध्याकाळी भिजक्या गारठ्यातून यायची, केस उघडायची आणि फिडलला "ऊब मिळावी" म्हणून रेडिएटरशेजारच्या खुर्चीवर ठेवायची. म्हणजे दुपारी कोकणातला श्रावण आणि रात्री मराठवाड्यातला वैशाख, रोज. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने फारसं हलत नाही, पण आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. पोटाची, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची पातळ फळी रोज अशी ताणली जात होती. माझी ओलाव्याची नळी या सगळ्यापुढे काहीच नव्हती.

बोटांचं तिने सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी मी तिथून जाताना थांबलो. डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका पेरापर्यंत पांढरीफटक, जणू मेणाची. थोड्या वेळाने ती निळसर झाली, आणि कॉफीचा कप हातात धरल्यावर लाल होऊन ठणकायला लागली. ती म्हणाली, "पाच मिनिटांत जातं." मी तिच्या बोटाची टोकं पाहिली. ई ही सर्वात वरची तार पोलादाची, बारीक. बधीर बोटाला दाब कळत नाही, म्हणून ते गरजेपेक्षा जास्त दाबतं. दोन बोटांवर तारेने उभ्या चिरा पाडल्या होत्या. एकीत वाळलेलं रक्त होतं.

मग नाताळच्या आधीचा शनिवार आला. त्या सुमाराला इथे सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि 3 वाजून 40 मिनिटांनी मावळतो. दिवस सात तासांचा, आणि कमाईचा त्यातलाही उत्तरार्ध. सकाळी तिने केस उघडली तर चारही खुंट्या रात्रीत सुटलेल्या, तारा सैल, तारा पेलणारी घोडी आडवी. उचलल्यावर आत काहीतरी खुळखुळलं.

ते खुळखुळणं म्हणजे साउंडपोस्ट. पोट आणि पाठ यांच्यामध्ये, घोडीच्या एका पायाच्या जरा मागे, लाकडाची एक बारीक दांडी नुसती अडकवलेली असते, सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) न लावता. तारांचा दाब तिला जागेवर धरतो. तारा सैल पडल्या की ती पडू शकते. ती पडलेली असताना तारा पुन्हा चढवल्या, तर घोडीचा तो पाय खाली आधार नसलेल्या पातळ फळीवर रेटला जातो.

साडेदहाला तिने मला निरोप पाठवला: "आत काहीतरी खुळखुळतंय, पण वाजतंय. संध्याकाळी आणते." मी दुसऱ्या एका चेलोवर वाकलो होतो. निरोप सहाला वाचला. तोवर ती पाच तास वाजवून झाली होती.

सोमवारी फिडल टेबलावर आलं तेव्हा घोडीच्या उजव्या पायाखालून खालपर्यंत, बोटभर नव्हे तर वीतभर तडा गेला होता. मी आरसा आत घातला आणि दुसरी गोष्ट दिसली. खालच्या उजव्या कडेची सांध कुणीतरी, कित्येक वर्षांपूर्वी, सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवली होती. व्हायोलिनला सरस वापरतात तो उगाच नाही. सरस ठिसूळ असतो. लाकूड आकसलं की सांध सुटते आणि फळी वाचते. सांध पुन्हा चिकटवणं अर्ध्या तासाचं काम. ती पांढऱ्या गोंदाची कड सुटली नाही, म्हणून लाकूड फाटलं. पडलेल्या दांडीचा वाटा किती आणि गोंदाचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

पर्याय

त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवलेलं होतं, साधारण 60 अंशांवर, कारण त्यावर गेलं की सरसाची पकड कमी होते. तिचं पहिलं वाक्य होतं, "आजोबांनी ते कधी पावसात नेलं नसतं."

सरळ पर्याय होता मार्चपर्यंत रस्ता सोडण्याचा. हात आणि वाद्य दोन्ही वाचले असते. पण नाताळ ते नववर्ष हा आठवडा गेला तर जानेवारीचं भाडं कुठून आणायचं, याला उत्तर नव्हतं.

दुसरा, फक्त बंद जागेत वाजवायचं. स्कॉटलंडचा हिवाळा फिडलसाठी तसा कामाचा असतो: 30 नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे, मग वर्षाअखेरची हॉगमनी, मग 25 जानेवारीला कवी बर्न्सच्या नावाची जेवणं. नाचाचे कार्यक्रम असतात आणि पैसे ठरलेले मिळतात. पण ही आमंत्रणं उन्हाळ्यातच पक्की होतात. तिच्याकडे दोन होती. पबमधल्या संध्याकाळच्या बैठका प्रेमाच्या, पण बहुधा फुकटाच्या.

कार्बन फायबरचं फिडल घ्यावं का, यावरही बराच वेळ बोललो. त्याला पाऊस, हीटर, काही लागत नाही. तेवढे पैसे नव्हते, विषय तिथेच संपला.

उरला तो पर्याय तिला नको होता: स्वस्तातलं कारखान्याचं फिडल घेऊन बाहेर उभं राहायचं. ती म्हणाली, "मग मी तिथे का उभी राहते? तो आवाज लोकांनी ऐकावा म्हणूनच ना?" मला हा प्रश्न खरा वाटला आणि आजही वाटतो. रस्त्यावरून जाणारा माणूस तिला वीस-तीस सेकंद ऐकतो. एक रील, म्हणजे जलद नाचाची चाल, पुनरावृत्तीसकट वाजवायला जेमतेम 35 सेकंद लागतात. इतक्या वेळात त्याला वाद्याचा फरक कळणार नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मला कळेल." यावर मी काही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने मांडली. शनिवारचा निर्णय तिने थंडीत, गर्दी सुरू झालेली असताना, टोपीत पहिली नाणी पडलेली असताना घेतला. त्या क्षणी कुणीही वाजवलंच असतं. तेव्हा काय करायचं हे घरातून निघतानाच ठरलेलं हवं, जागेवर ठरवायची वेळच येऊ नये.

काय केलं

मी दुकानात पडून असलेलं एक कारखान्याचं फिडल तिला हिवाळ्यापुरतं दिलं. त्यावर पोलादी गाभ्याच्या तारा चढवल्या. थंडीत त्यांचाही सूर चढतो, पण प्लॅस्टिकच्या धाग्याचा गाभा असलेल्या तारांपेक्षा त्या लवकर स्थिरावतात. चारही तारांना खाली बारीक सूर जुळवायचे स्क्रू बसवले, म्हणजे गारठलेल्या हातांनी खुंट्या पिळायला नको. गज कार्बन फायबरचा. गजाला लावायची राळ जरा मऊ जातीची, कारण थंडीत कडक राळेची नुसती भुकटी उडते. गजाचे घोड्याचे केस ओल्या हवेत लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात, म्हणून वाजवून झाल्यावर गज सैल करणं ही आधीचीच सवय तिने आणखी काटेकोर केली.

हातांसाठी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रेनॉड्स हे नाव सांगितलं: थंडीत बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आखडतात. गोळ्यांचा मार्ग होता, पण आधी सवयी बदलून पाहायचं ठरलं. तिला जे सर्वात उपयोगी पडलं ते हातमोजे नव्हते. धड उबदार राहिलं तर हात उबदार राहतात, म्हणून लोकरीची बनियन, गळ्याभोवती पट्टा, मनगटांवर लोकरीच्या नळ्या, आणि बुटांखाली जाड पुठ्ठा. हा पुठ्ठा रस्त्यावरच्या जुन्या वादकांची युक्ती आहे. दगड पायातून ऊब शोषून घेतो, आणि एका पुठ्ठ्याने तासाभराचा फरक पडतो असं ती सांगते.

नियम घरीच लिहिले आणि केसच्या झाकणाला आतून चिकटवले. 5 अंशांखाली सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. बोट पांढरं दिसलं की चालू असलेली चाल तिथेच थांबवायची, ती पूर्ण करायला थांबायचं नाही. आत खुळखुळलं तर तारा सैल करून केस बंद. घरी गेल्यावर केस बंदच ठेवून दोन तास दारापाशी, मग कपाटावर. रेडिएटरच्या खोलीत नाही.

वीस मिनिटांच्या पाळ्या एकट्याने परवडत नाहीत, कारण जागा सोडली की दुसरं कुणी येतं. कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायचं लहान भात्याचं वाद्य, वाजवणारा तिचा एक मित्र सोबत आला. एक वाजवणार, दुसरा कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात. टोपीतले पैसे निम्मे-निम्मे, कुणाच्या पाळीत किती पडले ते न मोजता. हे आधीच ठरवलं नसतं तर आठवड्याभरात भांडण झालं असतं, असं दोघंही म्हणाले.

नाण्यांचं काय, हाही प्रश्न होता. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या एकूण व्यवहारांत रोखीचा वाटा साधारण 12 टक्के उरला होता, आणि हातमोजे घातलेला माणूस पाकीट काढत नाही. तिने कार्ड टेकवायचं यंत्र घेतलं, रक्कम तीन पौंडांवर बांधून ठेवली. पहिल्याच दिवशी ते तासाभरात बंद पडलं. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर झोपते. मग यंत्राला लोकरीचं पाकीट शिवलं आणि फोन आतल्या खिशात गेला. कार्डाच्या कमाईची नोंद आपोआप राहते, त्यामुळे हिशेबही सरळ झाला. वर्षाला 1000 पौंडांपर्यंतचं असं उत्पन्न नोंदणीशिवाय चालतं, त्यावर गेलं की करखात्याकडे नोंद करावी लागते. ती आधीच नोंदलेली होती.

परिणाम

नाताळ ते नववर्ष ती रोज बाहेर होती, पण एकूण वेळ आधीच्या निम्मा. कमाई निम्म्याहून जरा जास्त. जानेवारीचं भाडं निघालं, फेब्रुवारीचं तिने बहिणीकडून उसनं घेतलं. जानेवारीच्या मध्यानंतर रॉयल माइल ओस पडतो आणि त्यावर कोणत्याही नियमाचा इलाज नाही. कॉन्सर्टिनावाल्याला फेब्रुवारीत नोकरी लागली, तेव्हा पाळ्या बंद झाल्या आणि तीही थांबली.

बोटं पांढरी होणं थांबलं नाही, पण चिरा भरल्या. वेळेवर थांबायला ती शिकली आहे.

आजोबांच्या फिडलला सहा आठवडे लागले. पातळ सुरीने पोट उघडलं. सरस लागलेल्या कडा टकटक करत सुटल्या, पांढऱ्या गोंदाची कड मात्र कणाकणाने खरवडावी लागली आणि तिथलं थोडं लाकूड गेलंच. तडा जुळवून चिकटवला, आतून साउंडपोस्टच्या जागी नव्या स्प्रूसचा तुकडा बसवला, पुढे तड्यावर लहान ठिगळं. पैसे तिने हप्त्यांनी दिले. पहिल्यांदा वाजवून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खालची जी तार तशीच आहे. वरची ई जरा बंद वाटते." मलाही तसंच वाटलं. दांडी दोनदा सरकवून पाहिली. थोडं उघडलं, सगळं नाही.

आज पुन्हा तीच वेळ आली तर

माझ्याकडून राहिलेल्या गोष्टी आधी सांगतो. ऑक्टोबरात मी खुंट्या पाहिल्या, वाद्याचा दिवस पाहिला नाही. "वाजवून झाल्यावर ते कुठे ठेवतेस?" एवढ्या प्रश्नाने कदाचित सगळं टळलं असतं. मिरजेत कारागीर तंबोरा हातात घेण्याआधी तो घरात कोणत्या भिंतीशी उभा असतो हे विचारायचे, आणि मी ते पाहत मोठा झालो होतो. त्याच वेळी आरसा घालून सांधे तपासले असते तर पांढरा गोंद दिसला असता, आणि शांतपणे, तडा जाण्याआधी, तो काढता आला असता. रस्त्यावर वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या वाद्याचं मी आता ऑक्टोबरात हे करतो, पैसे न घेता. आणि शनिवारी फोन टेबलावर समोर असतो.

तिच्या बाजूने पाहिलं तर त्या सकाळी वाजवायला जाणं ही चूक होती, हे ती स्वतःच सांगते. पण तिच्यापुढे दुसरं फिडल नव्हतं, दांडी पडल्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, आणि वर्षातला सर्वात मोठा दिवस होता. दुसरं वाद्य ऑक्टोबरात तयार असतं तर निवड इतकी अवघड झाली नसती. नाचाची आमंत्रणं जूनमध्ये मागायला हवी होती, हेही तिचंच म्हणणं. पुढच्या हिवाळ्यासाठी तिने तसं केलं आणि पाच मिळाली.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. कारखान्याचं फिडल ती हिवाळाभर वाजवते, कुरकुर करत नाही. पण एप्रिलमध्ये, एखाद्या कोरड्या दुपारी, आजोबांचं फिडल एकदा बोळाच्या तोंडाशी न्यायचं तिच्या मनात आहे. कमानीखाली त्या जी तारेचा आवाज कसा घुमायचा, ते मीही ऐकलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.